डिलिव्हरी व्हॅनची कॅम्पर: गाडी कापू नका, पेट्या करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्स ट्रॅव्हलरची जुनी डिलिव्हरी व्हॅन चार लाखांत मिळतेय. राहणारी माणसं तीन. तुम्ही, पाच फूट दहा इंचांचे यजमान आणि आठ वर्षांची मुलगी. गाडी सोडून दीड लाख खर्चायची तयारी आहे. व्हिडिओत दाखवतात तसं आतून लाकडी पॅनेलिंग, छताला पंखा, बाजूला खिडकी, सिंक आणि मागे आडवा बेड हे सगळं त्यात बसेल का, आणि सुरुवात कुठल्या कामाने करायची?

मी कोल्हापुरात बॉडीकामात आहे, तेवीस वर्षं झाली. पोट भरतं ते स्कूलबस, अँब्युलन्स आणि दुधाच्या गाड्यांवर. राहण्याजोग्या गाड्या मात्र स्वतःच्या दोन धरून सातच केल्या. त्यातली पहिली पार फसली, आणि पुढच्या सहा गाड्यांत जे काही बरं जमलं ते तिच्यामुळेच.

सुरुवात सुताराकडून करायची नाही, आरसीपासून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रापासून करायची. टोकन देण्याआधी आरसीवर सीटिंग कपॅसिटी किती लिहिलीय ते बघा. डिलिव्हरी व्हॅन ही मालाची गाडी. ड्रायव्हर धरून दोनच सीट नोंदवलेल्या असतील तर तुमचा विषय तिथेच संपला, कारण मुलीला बसायला कायदेशीर जागाच नाही. मागे गादीवर लोळत ती येईल असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. मालाच्या गाडीत मागे माणूस नेता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी घाटात करकचून ब्रेक लागला तर ती गादीवरून थेट केबिनमागच्या पार्टिशनवर आदळेल. तीन सीट नोंदवलेल्या असतील, पट्टे असतील, तर पुढे बोलू. नसतील तर प्रवासी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची पाच सीटर ईको बघा. जागा कमी मिळेल, पण तिघं जण पट्टा लावून बसाल. मागची सीट प्रवासात लागणार, म्हणून तिथे आणखी सुटसुटीत पेट्या कराव्या लागतील.

दुसरी गोष्ट कापाकापीची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रीतसर मोटर कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची गाडी म्हणून नोंदवलेली, करायची वाट आहे. तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि त्या मंजुरीच्या गाड्या बांधणारे कारखाने आहेत. पण ते तुमच्या दीड लाखाचं काम नाही. म्हणून माझं गेल्या पाच गाड्यांपासून एकच धोरण आहे: पत्र्याला भोक नाही, खिडकी नाही, जादा सीट नाही. आत जे काही जाईल ते सुट्या पेट्यांच्या रूपात, पट्ट्यांनी आवळलेलं आणि दोन माणसांना अर्ध्या तासात बाहेर काढता येईल असं.

याचा फायदा नुसता कायद्यापुरता नाही. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. पासिंगला गाडी रिकामी नेता येते. गंज धरला तर पेट्या काढून पत्रा दिसतो. गाडी विकायची वेळ आली तर मालवाल्याला विकता येते आणि पेट्या पुढच्या गाडीत जातात. माझ्या आत्ताच्या गाडीत जी स्वयंपाकाची पेटी आहे, तिची ही तिसरी गाडी.

तरीही दोन ठिकाणी तोंड उघडून विचाराच. एक तुमचं आरटीओ, कारण मालाची गाडी खाजगी वापरासाठी घेताना कर, परमिट आणि नोंदणीचं काय ते तुमच्या कार्यालयातून लेखी कळलेलं बरं. दुसरी विमा कंपनी. पेट्या सुट्या आहेत, गाडी भाड्याने मालासाठी चालत नाही, हे ईमेलवर कळवून ठेवा. विम्याचा माणूस फोनवर "काही प्रॉब्लेम नाही मॅडम" म्हणेल, त्याला अर्थ नाही. क्लेमच्या वेळी तो फोन कुणाला आठवत नसतो. लायसन्सची काळजी करू नका. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. जुनी डिलिव्हरी व्हॅन घेताना इंजिनाआधी मी एकच प्रश्न विचारतो: हिच्यात काय वाहिलं? पेपर, ब्रेड, कुरियर, औषधं असतील तर डोळे झाकून पुढे व्हा. कांदा चालेल, वास दोन महिन्यांत जातो. मासळी वाहिलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. वास तर जात नाहीच, पण खरा घात बर्फाचं खारं पाणी करतं. ते फळीखालच्या पत्र्याच्या घडीत मुरतं आणि आतून खातं. विकणारा वरून रंग मारून देतो. तुम्ही मागची दोन्ही दारं उघडा, चटई उचला, आणि स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने दाराच्या उंबऱ्याजवळ आणि चाकावरच्या उंचवट्याच्या कडेला ठोका. धड पत्रा टण्ण वाजतो. सडलेला पत्रा भद्द वाजतो, जसं कच्चं कलिंगड आणि उतरलेलं कलिंगड यांतला फरक कळतो तसं. मग शेतात पाणी मारतात त्या जोराने टपावर पाईप सोडून कुणाला तरी आत बसवा. गळती आत्ता सापडली तर भाव उतरतो, नंतर सापडली तर गादी भिजते.

(ही गाडी आपल्याकडची आहे हेही जाताजाता. ट्रॅव्हलरचा मूळ साचा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनचा, आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्सने, तो इकडे आणला. आणि आपण उठसूट म्हणतो तो 'टेम्पो' शब्दही हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या तीनचाकीवरून आलेला. पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात, हा या जुन्या घराण्याचा तुम्हाला होणारा खरा फायदा.)

आता व्हिडिओतल्या लाकडी पॅनेलिंगबद्दल. ते व्हिडिओ ज्या देशांत होतात तिथे वैरी थंडी असते. त्यांना गाडी थर्माससारखी करायची असते. आपला वैरी ऊन आणि दमट हवा. त्यांची नक्कल केली की आपण स्वतःला थर्मासमध्ये कोंडून घेतो. माझी पहिली गाडी अशीच केली होती. भिंतींना थर्मोकोल चिकटवला, त्यावर पीव्हीसी पॅनेल, कडा सिलिकॉनने बंद. दिसायला फर्स्ट क्लास. जूनमध्ये आंबोलीला गेलो, जुलैत मालवणला. दिवाळीत एक पॅनेल सैल झालं म्हणून उचकटलं तर मागे थर्मोकोल काळा पडलेला, त्यात मुंग्यांचं वारूळ, आणि पत्र्यावर खाली दीड-दोन फुटांपर्यंत लाल पापुद्रा. गळती कुठेच नव्हती. ते पाणी आमचंच होतं. दोन माणसं बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटर तरी वाफ सोडतात. ती फटीफटीतून पॅनेलच्या मागे जाते, गार पत्र्याला लागून पाणी होते, आणि बाहेर यायला वाट नसते. बायको म्हणाली, "घराला ओल आली तर भाडेकरू सोडून जातो. इथे तर आपणच भाडेकरू." तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून भिंतीच्या मागे पोकळी ठेवायची नाही. छताला १९ मिमीचा बंद पेशींचा नायट्राइल फोम, एसीच्या डक्टला लावतात तो, मागे चिकट असलेला. दोन उभ्या-आडव्या बरगड्यांमधल्या चौकटीच्या मापाने कापायचा आणि पत्रा थिनरने पुसून बुडबुडा न ठेवता थेट दाबायचा. त्याच्यात पाणी मुरत नाही आणि मागे हवा उरत नाही. भिंतींना खिडकीच्या उंचीपासून वर तोच फोम, खाली काही नको. जमिनीला तर मुळीच नको. फोम उघडा दिसतो म्हणून वर सुती कापड वेल्क्रोने लावा, मळलं की धुवायला काढा. चकाकणारी फॉइल पत्र्याला चिकटवून पैसे घालवू नका. ती तापलेल्या पत्र्याला टेकली की पत्राच होऊन बसते. तिच्यापुढे इंचभर मोकळी हवा असेल तरच ती उष्णता परतवते. म्हणून तिची जागा पुढच्या काचेवर, आतून अधांतरी टांगलेल्या पडद्यात.

आणि फोमपेक्षा जास्त काम करतं ते शेडनेट. शेतीच्या दुकानात ७५ टक्क्यांचं हिरवं जाळीदार कापड मीटरवर मिळतं. गाडीपेक्षा हातभर मोठा तुकडा घ्या, कडेला रिंगा मारून घ्या, दोन झाडांना आणि दोन बांबूंना बांधून टपाच्या वर वीतभर अंतरावर ताणा. टप तापायच्या आधीच ऊन अडतं आणि मधून वारा वाहतो. फोम लावलेल्या गाडीच्या टपाला दुपारी आतून हात लावा, मग शेडनेट ताणून तासाभराने पुन्हा लावा. मला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि मे महिन्यात विदर्भातच मुक्काम करायचा हट्ट असेल तर मात्र जगातला कुठलाच फोम वाचवणार नाही. दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश उतरतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. इन्सुलेशनपेक्षा घाट स्वस्त पडतो.

छताला पंख्यासाठी भोक नाही म्हटलं, मग वारा कसा? मागचं एक दार साखळीच्या हुकाने साडेपाच इंच उघडं अडकवायचं. आतून सहज सुटेल असा हुक, कुलूप नाही. त्या फटीत बसेल अशी दाराच्या उंचीची प्लायची फळी करायची, तिच्यात संगणकाचे १२० मिमीचे, बारा व्होल्टचे तीन पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवायचे आणि फळीला बाहेरून रेक्झिनचं झापड लावायचं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. केबिनच्या दोन्ही दारांना मच्छरदाणीचा मोजा शिवून घालायचा, मग काच चार बोटं खाली. मधलं पार्टिशन जाळीचं असेल तर हवा केबिनमधून येते आणि मागून जाते. पार्टिशन अखंड पत्र्याचं असेल तर बाजूच्या दाराला जाळीची चौकट करा. पार्टिशन मात्र काढू नका. पेट्या तुमच्या पाठीत येण्यापासून तेच अडवतं. तिन्ही पंखे मिळून दहा वॅटसुद्धा खात नाहीत. परदेशी रूफ फॅनच्या किमतीत इकडे निम्मी गाडी होते.

आता मापं. तुम्ही म्हणता तो आडवा बेड विसरा. ट्रॅव्हलरची आतली रुंदी सहा फुटांना कमीच भरते आणि भिंती वर जाताना आत झुकतात, म्हणून माप तीन उंचींवर घ्या: जमिनीवर, गुडघ्याला, खांद्याला. पाच फूट दहाचा माणूस आडवा निजला तर रात्रभर गुडघे पोटाशी. तुम्ही दोघं लांबीत झोपा. पुढे पार्टिशनला लागून मुलगी आडवी, तिला आज चार-साडेचार फूट पुरतात आणि उंच होईपर्यंत पाच-सहा वर्षं आहेत. दोन्ही बाजूंना बावीस इंच रुंद, सोळा इंच उंच बाक. प्रत्येक बाक दोन तुकड्यांत, म्हणजे उचलता येतो. चाकावरचा उंचवटा बाकाच्या पोटात लपतो. मधला रस्ताही बावीस इंच. दिवसा मोकळा, रात्री फळ्या टाकून बंद. या फळ्याच दिवसा जेवणाचं टेबल. झोपायला तुमचे सहा फूट दोन इंच आणि मुलीचे दोन फूट, मागे दाराशी स्वयंपाकाला दीड फूट, म्हणजे पावणेदहा फूट लांबी लागते. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड असेल आणि तेवढी भरत नसेल तर स्वयंपाक बाकाखालून मागे ओढायच्या खणात करा.

इथे सुताराशी तुमचं भांडण होणार. तो म्हणणार, "वहिनी, बारा एमएम टिकत नाय, अठरा घ्या, वर सनमायका मारतो, आयुष्यभर बघायला नको." त्याचा अनुभव स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचा. ट्रॉल्या ताम्हिणी घाटात उड्या मारत नाहीत. आठ बाय चारची अठरा मिमीची शीट साधारण ३५ किलो भरते, बाराची २३. सहा शीट लागल्या तर फरक ७० किलोंचा, म्हणजे कायमचा एक जादा माणूस गाडीत. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, सोळा गेजचा, मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो. त्यावर बाकाचं झाकण बारा मिमी, बाजू नऊ मिमी, तळ सहा मिमी. बाजूंना मोठी गोल भोकं पाडा, वजन उतरतं आणि पोटातली हवा फिरते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन. साधा आयएस ३०३ एमआर ग्रेड कोकणातल्या एका पावसात कडेला फुगून पुस्तकासारखा उलगडतो. शिक्का शीटच्या कडेवर बघा, बिलावर नको. सनमायका नको, कडांना प्राइमर आणि दोन हात ऑइलपेंट, तोही सहा बाजूंनी. सुतार खालची बाजू रंगवत नाही, ती तुम्ही घरी रंगवा.

जमिनीवर पन्हाळी पत्रा असतो. त्यावर बारा मिमीचा प्लाय नुसता ठेवायचा, चिकटवायचा नाही. पन्हाळीतून पाणी मागे वाहून जायला हवं. पेट्या गाडीतल्या मूळ माल बांधायच्या कड्यांना रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळायच्या, पेटी पेटीला आठ एमएमच्या बोल्टने आणि नायलॉक नटने (आत नायलॉनची कडी असते, म्हणून सैल होत नाही) जोडायची. साधा नट शंभर किलोमीटरवर हातात येतो. पत्र्यात लाकडाचा स्क्रू कधीच मारू नका. एक तर खालून ब्रेकचा पाइप किंवा वायर जात असते, आणि प्रत्येक भोक म्हणजे गंजाला आवतण. काम झालं की एकदा वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याच्या किंवा खडीच्या काट्यावर पन्नास-शंभर रुपयांत पावती मिळते. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, असे दोन आकडे घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी ताडून बघा. मालाच्या गाडीचे पाटे मालासाठीच असतात, त्यामुळे एकूण वजनाची भीती तुम्हाला नाही. ते डाव्या-उजव्या बाजूंना सारखं आहे ना आणि खाली आहे ना, एवढंच पाहायचं. टपावर लोखंडी कॅरियर लावून त्यात सामान भरू नका.

विजेचं काम सर्वांत जास्त बिघडतं ते घरगुती वायरमनकडून. तो हुशार असतो, पण त्याचा हात २३० व्होल्टला बसलेला. बारा व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी एकोणीस पट करंट लागतो. तो सवयीने दीड चौरस मिमीची वायर ओढतो. चार मीटरवर दहा अँपिअर नेलात तर जाऊन-येऊन जवळजवळ एक व्होल्ट वायरच खाते, आणि ते जे खाल्लं त्याची उष्णता होते, ती प्लायच्या मागे. तिथे चार चौरस मिमी घ्या. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज. "पुढे एमसीबी आहे की" म्हणाला तर ऐकू नका. फ्यूज नसलेला तो तीन फुटांचा तुकडा पट्ट्याखाली घासला की तुमच्या गादीखाली वेल्डिंग मशीन चालू होतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण झोपायच्या जागेत नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आम्लाचा वास येतो, पन्नास किलोंवर वजन, आणि निम्मीच वापरता येते. शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंत येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. तिला अल्टरनेटर थेट जोडायचा नाही, ती अधाशासारखी ओढते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये करंटला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

सोलर टपावर कशाला? गाडी सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात. शंभर वॅटचं पॅनेल, मागे घडीचे पाय आणि दहा मीटर वायर. गाडी चिंचेखाली, पॅनेल बांधावर.

फ्रिज दीड लाखात बसत नाही, आणि तसाही मी पहिल्या वर्षी घेऊ देत नाही. बारा व्होल्टचा चाळीस लिटरचा फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला पाचशे वॅट-अवर सहज खातो, म्हणजे वरची सगळी यंत्रणा एकट्या त्याच्यासाठी. जाड थर्मोकोलची मासळीची पेटी बाकाखाली ठेवा. किनाऱ्यावर बर्फ मासळीबाजारात पहाटे, देशावर आइस्क्रीमवाल्याकडे किंवा रसवंतीवर. दीड-दोन दिवस दूध टिकतं.

स्वयंपाक मागच्या दाराशी, तोंड बाहेर, तुम्ही जमिनीवर उभ्या. आत नाही. बंद गाडीत एकदा लसणीची फोडणी दिलीत तर गादीला महिनाभर वास राहतो. सुकट भाजली तर गाडी विकावी लागेल. पण मुख्य कारण गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो, नेमका तुम्ही झोपता त्या पातळीला. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नका. ब्युटेनच्या डब्यावरची पोर्टेबल शेगडी पुरते, डबे रात्री बाहेर. थंडीत ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेणं, किंवा इंजिन नाहीतर जनरेटर चालू ठेवून एसीत झोपणं, हे कुणी कितीही अनुभवी सांगितलं तरी करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो. दोनेक हजारांचा अलार्म उशाशी लावा आणि पावडरचा एक किलोचा एक्स्टिंग्विशर दाराशी, बेडखाली नव्हे.

पाण्याला वीस लिटरचे दोन जार आणि त्यावर बसणारा चार्जिंगचा छोटा पंप. सिंक म्हणजे भोक पाडलेली स्टीलची परात आणि खाली कॅन. संडासासाठी आम्ही पेट्रोल पंप आणि ढाबे धरून चालतो, रात्रीपुरती झाकणाची बादली, त्यात लाकडाचा भुसा.

पैशांचं. माझ्या शेवटच्या गाडीला पडलेले आकडे सांगतो, तुमच्या गावी थोडं इकडे-तिकडे होईल. गंजकाम, प्राइमर आणि दारांचे रबर १८ हजार. सांगाडा, प्लाय आणि मजुरी ३४. फोम आणि कापड १४. गादी तीन तुकड्यांत शिवून ९. जाळ्या, पडदे, शेडनेट ५. शेगडी, पाणी आणि बर्फाची पेटी साडेसात. अलार्म आणि एक्स्टिंग्विशर ४. हे झाले साडेएक्याण्णव हजार. वीज वेगळी: बॅटरी २८, चार्जर ९, पॅनेल आणि कंट्रोलर ७, वायर-फ्यूज ५, पंखे-दिवे साडेतीन, म्हणजे साडेबावन्न. एकूण १ लाख ४४ हजार. म्हणजे दीड लाखात होतं, पण हाताशी सहाच हजार उरतात आणि जुनी गाडी पहिल्या महिन्यात त्याहून जास्त मागते. टायर एकच गेला तरी हिशेब कोलमडतो. म्हणून वीज मागे ठेवा. पंख्यांना आणि दिव्याला एक मोठी पॉवर बँक आणि बारा व्होल्टची केबल पुरते. साडेएक्याण्णव-पंचाण्णव हजारांत गाडी राहण्याजोगी करा, चार मुक्काम करा, मग काय कमी पडतं ते तुम्हालाच कळेल. माझ्या एका गिऱ्हाइकाने तर पाचव्या मुक्कामानंतर बॅटरीऐवजी चांगली छत्री आणि दोन खुर्च्या घेतल्या.

टोकन देण्याआधी अजून एक काम, खर्च एका खडूचा. हॉलमधलं फर्निचर बाजूला सारा आणि फरशीवर गाडीच्या आतल्या मापाचा आयत काढा. त्यात बाकांच्या रेघा मारा, मधले बावीस इंच मोकळे ठेवा, दाराच्या जागी दोन फुल्या. रात्रीचं जेवण तिघांनी त्या आयतात बसून करा, गाद्या तिथेच पसरा आणि सकाळपर्यंत रेघेबाहेर जायचं नाही. पाणी प्यायला उठायचं तेही फुलीतूनच. यजमानांचे पाय रेघेबाहेर जातात का ते मुलीला बघायला लावा, ती बरोबर पकडेल. सकाळी मापं लिहून मला आरसीच्या फोटोसोबत पाठवा, मग पेट्यांची कटिंग लिस्ट काढून देतो.